मजकुराच्या मापाची खिडकी

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॉम्प्युटरवरची मोकळी पांढरी जागा सहन होत नसे. त्यांची नोकरी एका कन्नड दैनिकात उपसंपादक म्हणून झाली. मजकूर संपला आणि खाली जागा उरली की पान अडलं, असा त्यांचा हिशेब. निवृत्तीनंतर विजयनगरच्या घरी ते टेक्स्ट एडिटर उघडून बसत आणि चार ओळींखाली पसरलेला पांढरा चौकोन पाहून अस्वस्थ होत. माझा भाऊ जवळच हूटगळ्ळीला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. मजकूर वाढला की स्क्रीनवरची खिडकी खाली वाढायची, ओळ खोडली की तेवढीच वर सरकायची. रिकामं काही दिसायचंच नाही.

"आता बरं," अप्पा म्हणाले. "पान भरल्यासारखं दिसतं."

"भरायला आधी लिहावं लागतं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू तुझं सांबार बघ."

ते लिहीत होते घराण्याविषयी. आमच्याकडे पूर्वी कापड रंगवायचं काम चाले. अप्पांच्या लहानपणी घरामागे रंगाचे हंडे होते आणि दोऱ्यांवर ओली थानं वाळत असत. हे सगळं मराठीत लिहून ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं, त्याला कारणही घडलं होतं. शेजारच्या हिनकलहून घरी येताना एकदा त्यांना वाट आठवेना. ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज लिहू द्या. लिखाणात फरक पडला की कळवा. विस्मरण किती वेगाने वाढतंय हे त्यावरून समजणार होतं. लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मीही वर्तमानपत्रातच काम करते आणि घरून करते.

मी दारातून पाहायचे. संपादकीय डेस्कवरच्या माणसाला लांबून नजर टाकायची सवय असते: रकाना भरला की नाही एवढंच आधी दिसतं, वाचणं नंतर. खिडकी रोज भरलेली असे. सुरुवातीला ती वाढत वाढत स्क्रीनच्या तळाला टेकली. मग एका सकाळी तिच्याखाली डेस्कटॉपची निळी पट्टी दिसली.

"कापताय वाटतं?"

"सुम्ने लांबण लावलं होतं," अप्पा म्हणाले. उगाच म्हणायचं असलं की आमच्या घरात सगळे सुम्नेच म्हणतात. "आता आटोपशीर झालं."

आमच्या धंद्यात मजकूर कापणं ही कौतुकाची गोष्ट होती. भलीमोठी बातमी अर्धी करून दाखवणाऱ्याला अप्पा स्वतः कॉफी पाजत. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. मी भावाला फोनवर सांगितलं की अप्पांचा हात अजून शाबूत आहे. त्यालाही बरं वाटलं.

पुढच्या दिवसांत निळी पट्टी रुंद होत गेली. खिडकीत मात्र खटकण्यासारखं काही नव्हतं. शेवटची ओळ, तिच्याखाली लगेच चौकट. गेलेल्या मजकुराची जागा मागे राहतच नव्हती.

एका दुपारी ते आडवे झाले असताना मी खुर्चीवर बसून सगळं वाचलं. फार वेळ लागला नाही. आधी आलेले आजोबांचे भाऊ आता मजकुरात नव्हते. कुठला रंग आधी चढवायचा, तुरटी कधी घालायची, हे त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. तिथे आता "कापड रंगवत असत" एवढंच होतं. त्यांच्या आणि आईच्या लग्नाचा परिच्छेद नव्हता. उरलेल्या वाक्यांत एकही चूक नव्हती.

अप्पा उठून आले तेव्हा मी विचारलं, "लग्नाचं कुठे गेलं?"

"काढलं. खात्री नव्हती."

"कशाची?"

"साडी कुणी रंगवली, कोण कोण होतं. विचारायला कुणी राहिलं नाही. खात्री नसलेलं छापायला जाऊ द्यायचं नाही, हे तुला सांगायला हवं?"

आवाज शांत होता. नव्या वार्ताहराला समज देतात तसा. मी त्या दिवसापर्यंत समजत होते की ते नको असलेलं काढतायत. ते आठवत नसलेलं काढत होते, आणि नियमाने काढत होते.

आई कॉफी घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. पेला टेबलावर ठेवून तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"मी सांगते, लिहा. साडी मामंजींनी रंगवली. हिरवी. नीट सुकली नव्हती, माझे हात कोपरापर्यंत हिरवे झाले. तुमच्या बहिणी चिडवून चिडवून बेजार करत होत्या."

अप्पांनी मान हलवत ऐकलं. बोटं कीबोर्डवर ठेवली. मग तिच्याकडे वळून, पूर्वी फोनवर बातमी घेताना विचारायचे तसं विचारलं, "तुम्ही स्वतः तिथे होता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. अप्पांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"होते," ती म्हणाली.

"नाव काय लिहू?"

आईने माहेरचं नाव सांगितलं, लग्नात बदललं होतं ते. अप्पांनी ते टाइप केलं आणि बरोबर आहे ना, म्हणून तिला वाचून दाखवलं. खिडकी एका ओळीने खाली वाढली.

"हं, सांगा," ते म्हणाले.