पाचशे रात्री

९ मार्च, गुरुवार. सकाळी नळाला पाणी बारीक. धोब्याकडून चार शर्ट आले, एकाचं बटण गायब. धाकट्याला हॉटेलचं पत्र. जेवला नाही.

एवढं लिहून ताईंनी पेनाला टोपण लावलं. धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. साठीला टेकला तरी ताईंच्या डायरीत तो धाकटाच. कारखान्यांतले मोठाले वजनकाटे तपासण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. महिन्यातून एक-दोन रात्री परगावी. पण मुक्काम नेहमी एकाच कंपनीच्या हॉटेलांत. कारखान्याच्या फुकटच्या खोलीकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. कारण पाचशे रात्री भरल्या की आजीव सभासदत्व, आणि मग दर वर्षी दोघांना सात दिवस हवं त्या हॉटेलात मोफत. त्यांच्या समुद्रकाठच्या हॉटेलचं चित्र त्याने फ्रिजवर चिकटवलं होतं. "निवृत्त झालो की पहिली स्वारी इथेच," असं तो बायकोला येता-जाता सांगायचा. या महिनाअखेर तो निवृत्त होणार होता, आणि पाचशेवी रात्र फेब्रुवारीत भरली होती; सभासदत्वाचं कार्ड तेवढं यायचं होतं.

पत्रात लिहिलं होतं, की यापुढे रात्री मोजणं बंद, फक्त वर्षभरातला खर्च पाहिला जाईल. आजीव सभासदत्वाची योजना रद्द. आजवरच्या निष्ठेबद्दल आभार, आणि पुढच्या मुक्कामात एक सरबत मोफत.

"सरबत!" धाकटा दिवसभर तेवढंच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तावातावाने कंपनीच्या स्टेशन रोडवरच्या हॉटेलात गेला. काउंटरवरची मुलगी गोड बोलत होती, पण तिच्या हातात काही नव्हतं.

"सर, सिस्टिमच घेत नाही."

"अहो, मी उतरायला लागलो तेव्हा तुमच्या कुठल्याच हॉटेलात लिफ्टसुद्धा नव्हती!"

"मग जिने चढायला त्रास झाला असेल ना, सर?"

सगळ्या मुक्कामांची यादी छापून घेऊन तो घरी आला आणि ती जेवणाच्या टेबलावर आपटली.

"तक्रार ठोकतो! एक रात्र खोटी निघणार नाही. ताई, तुझ्या डायऱ्या काढ. तू वाच, ही यादीवर खुणा करेल. चाळीस वर्षांच्या डायऱ्या आहेत म्हणावं, खोडून दाखवा!"

ताईंना बरं वाटलं. त्यांच्या डायऱ्यांची घरात थट्टाच व्हायची. त्यांनी यंदाचीच आधी उघडली. भावजय पेन्सिल घेऊन बसली. चार-पाच खुणा झाल्या आणि पेन्सिल थांबली.

"ताई, बारा जानेवारी परत वाचा."

ताईंनी चष्मा सारखा केला. "भावजयीला ताप एकशे तीन. रात्रभर पट्ट्या ठेवल्या. धाकट्याला फोन केला. म्हणाला, सहा तासांवर आहे, आत्ता निघून उपयोग नाही."

"यादीत स्टेशन रोडचं हॉटेल आहे," भावजय म्हणाली. "आपल्या गावातलं. बसने वीस मिनिटं."

धाकट्याने यादी ओढून घेतली. जणू ती त्याने आणलीच नव्हती.

"टूर कमी झाल्या होत्या गं. बारा रात्री कमी पडत होत्या. निवृत्तीआधी भरल्या नसत्या तर सगळंच पाण्यात गेलं असतं. तुझ्यासाठीच केलं ना!"

"माझ्यासाठी? समुद्राच्या हवेने माझं डोकं दुखतं, हे तुम्हाला लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे."

"एका रात्रीचा प्रश्न होता..."

"बारा रात्रींचा." तिचा आवाज चढला नाही. "हॉटेलवाल्यांनी निदान पत्र लिहून कळवलं तुम्हाला."

ती उठून आत गेली. धाकट्याने आशेने ताईंकडे पाहिलं. लहानपणी काच फोडली की असाच बघायचा, आणि ताई सावरून घ्यायच्या. पण ताई बारा जानेवारीच्या पानाकडे बघत होत्या. आपल्याच वळणदार अक्षरात, आपल्याच हाताने त्यांनी त्याची थाप लिहून ठेवली होती. आणि त्या रात्री पट्टी बदलताना त्यांना त्याचीच कीव आली होती, बिचारा इतक्या लांब एकटा म्हणून.

"तक्रार तूच लिही," त्या म्हणाल्या. "माझ्या डायऱ्या मिळणार नाहीत."

संध्याकाळी त्यांनी लिहिलं:

१० मार्च, शुक्रवार. भावजय आजपासून माझ्या खोलीत. माळ्यावरची गादी काढली. ऊन उतरलं होतं, तशीच झटकून घातली.