मोरीत घसरून पडलो नव्हतो

मानपाड्याच्या एका कंपनीत मी मोटार वाइंडिंगचं काम करायचो. स्टोअरमधून तांब्याची तार चोरीला गेली. चावी माझ्याकडे असायची, म्हणून मॅनेजरने पोलिसांना माझं नाव दिलं. सकाळी चौकीवरून बोलावणं आलं, तेव्हा मी चहा अर्धा ठेवून गेलेलो. बायको सोबत आली. तिला बाहेर बाकावर बसवलं.

फौजदार माझ्याहून लहान होता.

"तार कुठं विकली?"

"साहेब, मी नाही घेतली."

त्याने अशी कानाखाली वाजवली की डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. पुढचा प्रश्न कळलाच नाही. उत्तर आलं नाही म्हणून दुसरी बसली. मग मला पालथं पाडलं. एक शिपाई पाठीवर बसला, दुसऱ्याने पाय धरले आणि फौजदार गिरणीच्या पट्ट्याने तळपायांवर मारू लागला. तो मार तळपायात थांबत नाही. नडग्यांतून, कमरेतून वर चढतो आणि डोक्यात फुटतो. मला उलटी झाली, त्यातच गाल टेकलेला. पाय झाकायला हात मागे नेला, तर फौजदाराने काठी उचलून मनगटावर हाणली. मान वळवली, तेव्हा हाड मोडलेलं मला पाय धरणाऱ्या शिपायाच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने तोंड फिरवलं होतं.

दुपारी सोडलं. बायकोने आणि एका रिक्षावाल्याने मला उचलून दवाखान्यात नेलं. पुढे खरा चोर सापडला, कंपनीचाच टेम्पोवाला. पण फौजदाराविरुद्धची माझी तक्रार चौकशीतच जिरली.

कल्याणच्या वकीलबाई म्हणाल्या, "नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावू. सरकारवर आणि त्या फौजदारावरही. वर्षं जातील, पण त्याला कोर्टात येऊन उत्तर द्यावं लागेल."

वर्षं गेलीच. या काळात मी मनातल्या मनात त्या माणसाला किती वेळा मारलं, सांगता येणार नाही. जेवताना, रांगेत उभा असताना, दाढी करताना. आधी त्याची बोटं मोडायचो, मग गुडघे.

साक्षीच्या दिवशी तो पुढच्या बाकावर मोबाइल चाळत बसलेला. सरकारी वकिलांनी बायकोला विचारलं, "तुमचे पती चौकीच्या मोरीत घसरून पडले, बरोबर?"

"नाही."

"तुम्ही आत नव्हतात. मग पट्ट्याने मारलं हे कशावरून?"

"आवाज बाहेर येत होता ना. आधी पट्टा, मग हे ओरडायचे. दर वेळी तसंच." तिने साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर तळहात आपटला. "असा. मग, आई गं. परत असा. मग, आई गं."

"पुरे," न्यायाधीश म्हणाले.

पण तिने आणखी दोन वेळा तळहात आपटला. बुटात माझी बोटं आखडली, तोंडात आंबट पाणी आलं. तेवढ्यात फौजदार शेजारच्याकडे बघून हसला. मी कधी उठलो, कधी त्याची कॉलर धरायला हात पुढे गेला, मला आठवत नाही. बायको पिंजऱ्यातूनच ओरडली, "अहो, बसा खाली! हात लावलात तर दावा त्याचा होईल!"

वकीलबाईंनी मला शर्टाला धरून खाली ओढलं. न्यायाधीशांनी समज दिली.

निकाल आमच्या बाजूने लागला. मारहाण झाली, मोरीची गोष्ट खोटी, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं आणि भरपाई द्यायला सांगितली. सरकारने अपील केलंय. फौजदार बढतीवर ठाण्याला गेला. माझं मनगट वाकडं जुळलं, वाइंडिंग सुटलं. आता कोलशेतच्या एका सोसायटीत पंप बघतो.

निकाल ऐकून बाहेर आलो, तेव्हा बायकोने विचारलं, "बरं वाटलं का?"

"तो एकदा तरी ओरडायला हवा होता," मी म्हटलं.

ती रिक्षा बघायला पुढे गेली.