गॅरेजमधला बिशप

अमेरिकेतल्या श्रूजबरीत माझी गाडी दुरुस्त करणारा ग्रीक म्हातारा बोलताना दर वेळी शेवटी “कळलं?” असं विचारायचा. सकाळी हात धुऊन भिंतीवरच्या तसबिरीपुढे तेलाचा दिवा लावायचा, मगच बॉनेट उघडायचा. तसबिरीत दाढीवाला बिशप होता, हातात बंदूक घेतलेला.

“धर्मगुरूच्या हातात बंदूक?” मी एकदा विचारलं.

“तुर्की सुलतानाच्या फौजेशी हाच गावकऱ्यांना घेऊन लढला. परक्या मुलखात घुसणाऱ्यांना काय आशीर्वाद द्यायचा? कळलं?”

पुढे त्याचा मुलगा अमेरिकन सैन्यातून इराकला गेला. त्यानंतर मी ऑइल बदलायला गेलो, तर दिवा तेवत होता, पण बिशपच्या बंदुकीवर काळी चिकटपट्टी लावलेली होती.

मी तिकडे बघतोय हे पाहून तो म्हणाला, “मुलगा घरी येईपर्यंत.”

या वेळी “कळलं?” असं त्याने विचारलं नाही.