माणिकवैनीचा पाळणा

आमच्या माणिकवैनीले रडता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते याच्याचपायी झालं. लोकं म्हणतात बाई दगड हाये. म्हणोत बापडे. माह्या भावाची, गोवर्धनदादाची बायको हाये, आणि तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माह्या डोक्यात तिडीक जाते.

अमरावतीले राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली तिचं हारफुलांचं दुकान हाये. दादा मोर्शीकडच्या वावरात शेवंती न् झेंडू लावते, सकाळच्या गाडीनं माल येते, आणि वैनी दिवसभर ओवत बसते. लग्नाचा हार असो का मयताचा, चेहरा तोच. एकदा एका पोरीनं स्कूटी थेट दुकानात घुसवली. बादली उलटी, फुलांचा चेंदामेंदा. वैनीनं पोरीले उठवलं, बादली सरळ केली आणि पुन्हा ओवायले बसली. मी असती तर त्या पोरीच्या बापाले बोलावून सगळी राजापेठ गोळा केली असती.

पण वैनी पहिलेपासून अशी नव्हती. नवीन लग्न होऊन आली तेव्हा आमी दोघी हसत बसलो की माह्या मायचा स्वयंपाक करपे. माहं लग्न व्हायचं होतं तेव्हा. मग तिले पहिली पोरगी झाली. आमच्यात बाराव्या दिवशी बारसं. आत्यानं लेकराच्या कानात ‘कुर्रर्र’ करायचं, आणि कोणाच्या तोंडून निघायच्या आधी नाव तिथं सांगायचं. मग बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत बुक्क्या घालतात, हसत हसत. म्हणून नाव आधी आत्याले माहीत पाहिजे. वैनीनं मले मोरीत भांडे घासता घासता हळूच सांगतलं, दीपमाला. मी टोपडं शिवलं, त्याले पिवळी लेस लावली.

नवव्या दिवशी पोरगी गेली. डॉक्टरनं काहीतरी कारण सांगतलं, आमाले कळलं नाही, कळून तरी काय करणार होतो. दादानं न् मामांनी तिले गुंडाळून नेलं. ना फोटो, ना बारसं, ना नाव. मायनं सगळ्याईले दम देला, की आता घरात हा विषय काढायचा नाही, दुसरं होईन. दुसरं झालं, तिसरंही झालं, दोन्ही पोरं आता बापाच्या खांद्याएवढे हायेत. पण मेलेल्याचं नाव घेऊन तरी रडता येते. वैनीजवळ घ्यायले नावच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते फक्त तिले न् मले माहीत. मी लग्न होऊन अकोल्याले गेली आणि वैनी तशीच राहून गेली. दुःखी म्हणावं तर तेही नाही. बंद पडेल घड्याळासारखी, बस.

मग भगवंतराव आले. हे शाळेतले रिटायर संगीत मास्तर, वैनीच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी तिले भजनात ऐकलं होतं. त्यांनी एक संगीत नाटक लिहिलं होतं, ‘मुका पाळणा’ नावाचं. नाटक कसलं, अंगावर काटाच. एका घरात मुली जगू देत नाहीत, दाईले सांगून बाराव्या दिवसाच्या आतच कारभार आटोपतात. शेवटी एक माय आपली मेलेली पोरगी पाळण्यात घालते, गावातल्या सगळ्या बायकाईले बोलावते आणि त्यांच्याकडून जबरदस्तीनं पाळणा म्हणवून घेते. भगवंतरावांले माय करायले बाई भेटून नव्हती राहिली. नाट्यमंडळातल्या बाया म्हणत, असलं अभद्र काम नको. वैनी एका शब्दानं हो म्हणली. मले तर धक्काच बसला.

पहिल्या प्रयोगाले मी अकोल्याहून आली. पाळण्यात कापडाची बाहुली होती आणि तिच्या डोक्यावर माह्या हातचं पिवळ्या लेसचं टोपडं. वैनीनं ते इतके वर्षं जपून ठेवलं होतं. वैनी गायली, कोरड्या डोळ्यानं, सरळ आवाजात, जसं कोणी वावरातलं काम सांगून राहिलं. भगवंतरावांनी गाण्यात मंजुळा नाव लिहिलं होतं. वैनीनं ‘दीपमाला’ म्हणलं. भगवंतराव आत तिच्यावर तापले, मग त्यांनी पाह्यलं की लोकं टाळ्या वाजवायचं विसरून बसून हायेत, आणि त्यांनी नाव तसंच राहू देलं. काहून बदललं, हे त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगतलं नाही.

मग लय प्रयोग झाले. अकोला, मोर्शी, पार चिखलदऱ्याले पर्यटन महोत्सवात. प्रत्येक प्रयोगात माह्या भाचीचं नाव माणसांनी भरल्या हॉलात घेतल्या जाये. दादा एकाही प्रयोगाले आला नाही.

आता त्याच्यावर सिनेमा निघाला. शुभम नावाचा दिग्दर्शक, पोरगा अकोल्याचाच, आता मुंबईले राहते. पोरगा वाईट नव्हता, हे मले जिवावर येऊन का होईना पण कबूल करा लागते. त्यानं खरं तेच सांगतलं. मायच्या कामासाठी पैसा लावणारे रागिणी नावाची मोठी नटी मागून राहिले होते, पण त्याले स्वतःले माणिकबाईले एकदा कॅमेऱ्यासमोर पाहायचं होतं. भगवंतरावांच्या तालमीच्या खोलीत त्यानं कॅमेरा लावला. मी सोबत म्हणून गेली होती, बाकी माहा काय संबंध.

वैनी गायली. शुभमनं ते छोट्या टीव्हीवर मागं-पुढं करून पाह्यलं. म्हणला, काकू, स्टेजवर तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जाते, पण कॅमेरा डोळ्याजवळ येते, तिथं काहीतरी दिसलं पाहिजे. वैनीनं विचारलं, काय? टोमणा नव्हता तो, तिले खरंच समजलं नव्हतं. त्यानं तिले रडून पाहायले सांगतलं. ते बसली, बसली, आणि म्हणली की नाही येत.

माहं डोकं सटकलं. मी उठून त्याले म्हणलं की बाप्पा, रडणाऱ्या बाया तर मयतात भाड्यानंही भेटतात, ही बाई तुले काय देऊन राहिली ते पाह्य ना. अजून लय बोलली, सगळं सांगण्यासारखं नाही. शुभम माह्याकडं पाहत राहिला, आणि असिस्टंटले हळूच म्हणला, आत्या भेटली. म्हणजे सिनेमातली, कुर्रर्र करणारी आत्या! मी म्हणलं, मी ब्लाउज शिवते, सिनेमे करत नाही. पण वैनी मधात बोलली, “कर कौशल्या.”

बाहेर आलो तेव्हा तिनं कारण सांगतलं. सिनेमात पोरीचं नाव बदलवलं होतं. परी. पैसा लावणाऱ्याईले दीपमाला जुनाट वाटे. गाण्यातून नाव गेलं, म्हणजे आता जगभर लोकं तो पाळणा पाहतीन आणि पोरगी दुसऱ्याच कोणाची असीन. पण आत्या कानात काय म्हणते ते सिनेमातही ऐकू येणार नव्हतं, शुभमनं ते सांगून ठेवेल होतं.

“मले काम नको होतं,” वैनी म्हणली. “तिचं नाव राह्यलं पायजे. तू खरी आत्या हायेस. एकडाव तू तिच्या कानात म्हन.”

एवढ्या वर्षांत तिनं माह्याजवळ काही मागितल्याचं मले आठवत नाही. मी हो म्हणली.

शूटिंग मोर्शीजवळ संत्र्याच्या एका बगीच्यातल्या घरात होतं. वैनीले पाळणा फुलांनी सजवायचं काम देलं होतं. तिनं शेवंती आणली, पांढरी न् पिवळी, आणि असा पाळणा सजवला की शूटिंगवाले फोटो काढून राहिले. शुभमनं नाटकात नव्हता असा एक प्रसंग घातला होता. त्या मायले स्वप्न पडते की पोरगी जिवंत हाये न् रीतसर बारसं होऊन राहिलं. म्हणून बाहुली चालणार नव्हती, जिवंत लेकरू पाहिजे होतं. ते शेजारच्या पार्बताबाईची नात. पार्बताबाई म्हणजे खणखणीत म्हातारी, वांग्या-टमाट्याची शेती, बोलणं माह्यापेक्षा तिखट.

मी लुगडं नेसून तयार झाली तशी म्हातारीनं मले बाजूले घेतलं. त्यांच्या भावकीत सुतक आलं म्हणून पोरीचं बारसं राहून गेलं होतं. लेकराले अजून नाव नव्हतं. सिनेमावाल्याईले हे ठाऊकच नाही, त्यांनी गोरंगोमटं लेकरू पाह्यलं न् आणलं.

“कुर्र कर बापा,” पार्बताबाई म्हणली, “पण नाव नको घेऊ. पयलं जे कानात गेलं तेच चिकटते.”

आता काय करता? एका बाजूले मी वैनीले शब्द देला, दुसऱ्या बाजूले हे परकं जितं लेकरू, त्याच्या अंगावर मेलेल्या पोरीचं नाव कसं घालू? आणि हे सांगू कोणाले? शुभम म्हणला असता, काकू, कॅमेऱ्याले काय कळते. मी वैनीकडं पाह्यलं. ते दाराजवळ बसून उरलेली फुलं ओवून राहिली होती, आणि तिचं लक्ष माह्या तोंडाकडं होतं.

रागिणी पाळण्याजवळ बसली. चांगली बाई, सकाळी वैनीच्या पाया पडली होती. शुभमनं सांगतल्याबरोबर तिच्या डोळ्यातून असं पाणी आलं की मलेच भरून आलं. मी वाकली. पाळण्यातून दुधाचा वास आला. पोरीनं डोळे उघडले न् माह्या नथीकडं टुकूटुकू पाहायले लागली. मी ‘कुर्रर्र’ केलं आणि तोंड मिटलं. बायकाईनं पाठीवर लटक्या बुक्क्या मारल्या. शुभम खुश झाला. पार्बताबाईनं नातीले उचललं न् मायजवळ पाजायले घेऊन गेली.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे झाडाखाली ताटं घेऊन बसले. मी वैनीजवळ आली.

“म्हनलं?” तिनं विचारलं.

“नाही. त्या लेकराले अजून नाव नाही ठेवलं, वैनी.”

तिची सुई थांबली नाही. “बरं केलं,” म्हणली, आणि पुढचं फूल घेतलं.

ते ‘बरं केलं’ मले सोसलं नाही. ओरडली असती, शिव्या देल्या असत्या तर चाललं असतं. मी तिथून उठली ते सरळ सामानाच्या खोलीत गेली. भगवंतरावांनी नाटकाच्या सामानाची पेटी पाठवली होती, रागिणीले बाहुलीची सवय व्हावी म्हणून. त्याच्यातून बाहुली काढली. टोपड्याची लेस पार मळून गेली होती. बाहुली आणून फुलाच्या रिकाम्या पाळण्यात निजवली, आणि वैनीले हाताले धरून तिथं आणलं. मले वाटलं, ते हात सोडवून घेईन. पण आली.

मी खाली वाकली. कापडाच्या त्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हणलं, दीपमाला. दीपमाला गोवर्धन. मग तशीच वाकून राहिली आणि म्हणली, “मार वैनी. आत्याले मारतात.”

पहिली बुक्की लागलीही नाही, हात ठेवल्यासारखी. दुसरी जराशी. मग तिनं मूठ वळली. एक, मग दुसरी, मग मोजदाद राहिली नाही. फुलं ओवणारे हात ते, त्याच्यात एवढा जोर कुठून आला देव जाणे. माह्या तोंडून हूं हूं निघून राहिलं होतं, पण मी पाळण्याची कडी सोडली नाही. ताटं वाजायचे थांबले. कोणीतरी पुढं आलं तर पार्बताबाईनं त्याले मागं ओढलं. मारता मारता वैनीचा श्वास तुटून राहिला होता. मी मान वळवून पाह्यलं. डोळे कोरडेच होते.

मग ते थांबली, खाली बसली आणि पाळण्याले झोका देऊ लागली.

शुभम हातात ताट घेऊनच आला. म्हणला, काकू, हेच पाहिजे होतं मले, हेच, कॅमेऱ्यासमोर एकडाव कराल का.

वैनीनं त्याच्याकडं पाह्यलंही नाही. “आता नाही,” म्हणली. “निजली ते.”

सिनेमा आता कधी येईन ते येवो. रागिणी चांगलंच करीन, त्यात शंका नाही. वैनी दुसऱ्या दिवशी दुकानात, चेहरा तोच. मी अकोल्याले आली तेव्हा पाठ काळीनिळी झाली होती. नवरा बाम चोळून राहिला होता, त्यानं विचारलं, हे काय झालं? आमच्या लग्नाले इतके वर्षं झाले, पण माह्या माहेरात एक पोरगी होऊन गेली हे त्याले ठाऊक नव्हतं. मायनं दम देला होता ना.

“बारशात लागलं,” मी म्हणलं.

“कोणाच्या?”

“माह्या भाचीच्या. दीपमाला तिचं नाव.”