पंचेचाळिशीच्या आतल्या बायका
महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं, तेव्हा अमरावतीच्या एका महिलाश्रमात मी कारकून होते. नुकतीच विधवा झालेली, मॅट्रिक पास. आमच्या चिटणीस बाईंनी नोकरी देताना उपकाराचा चेहरा केला, तो पुढे चार वर्षं उतरवला नाही. त्यांचा नवरा वकील, आणि दुसऱ्यांच्या संसारावर सल्ला कायम जिभेवर.

एकदा एकाच आठवड्यात दोघी आल्या. पहिली अकोल्याच्या जुन्या शहरातली, एकोणीस वर्षांची. पाठभर वळ. बाई म्हणाल्या, "लहान आहेस अजून. एक मूल होऊ दे, नवरा निवळेल." भावाला बोलावून तिची परत रवानगी केली.

दुसरी वलगावची, साठीची. मनगट काळंनिळं. बाईंना चक्क हसू आलं.

"आजी, या वयात नवरा मारतो?"

"मारते ना. तो म्हातारा झाला, त्याचा हात नाई झाला."

"इतकी वर्षं सोसलंत, आता थोडक्यासाठी घर कशाला सोडता?"

"थोडकं कावून म्हणून राहिली, बाई? मले अजून लय वर्षं जगाचं आहे."

आश्रमाचा नियम पंचेचाळिशीपर्यंतचा. शिवण शिकेल, लग्न लावून देता येईल, पाहुण्यांसमोर उभी करता येईल, अशीच पीडित बाई त्यांना चालायची. बाई चहाला गेल्यावर मी फॉर्म पुढे ओढला.

"वय किती लिहू?"

"तुले किती पायजे?"

मी चव्वेचाळीस लिहिलं. बाईंनी न वाचता सही केली. त्या कधीच वाचत नसत. म्हातारी आश्रमात दिसली तेव्हा चिडल्या, पण सही त्यांचीच होती. महिनाभरानं आश्रमाच्या बैठकीत कुणीतरी तिच्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे बोट दाखवलं. म्हातारी म्हणाली, "मारानं पिकले." तिला स्वयंपाकघर दिलं. फुकटात राबणारी मिळाली म्हटल्यावर नियमाची आठवण कुणाला राहते?

दीड वर्षानं अकोल्याची पोरगी पुन्हा आली. कडेवर तान्हं, एक डोळा सुजलेला. बाई म्हणाल्या, "आता मुलाकडे पाहून राहा."

म्हातारी पीठभरल्या हातांनीच बाहेर आली. तिनं मूल काढून घेतलं.

"पोरगी इथंच राहीन. मले रांधाले माणूस पायजे. नाई तर उद्यापासून तुमीच रांधा."

एवढ्या बायकांचा स्वयंपाक आपल्या अंगावर येणार म्हटल्यावर चिटणीस बाईंचं मन एकदम द्रवलं. मी फॉर्म आधीच काढून ठेवला होता.