मॉरिस मायनरचा हँडब्रेक

बेसिंगस्टोकमध्ये राहून तीसेक वर्षं झाली, तरी शशिधरने गाडी लावताना हँडब्रेक म्हणून कधी ओढला नाही. पहिला गिअर टाकायचा, उतरायचं, मागच्या चाकाखाली विटेची उटी सारायची, की संपलं. सांगलीत वडिलांनी त्याला असंच शिकवलं होतं. हँडब्रेक ओढून ठेवला की पावसाळ्यात तो चिकटतो आणि सकाळी चाक हलत नाही, ही त्यांची ठाम समजूत. इथली माणसं स्वतःच्या दारात गाडी लावतानाही हँडब्रेक ओढतात, सिग्नलला थांबली तरी ओढतात. शशिधर ते बघून म्हणायचा, "काय बुवा यांची तऱ्हा! गाडी आहे का दावं तोडून पळणारा बैल?"

आणि गंमत बघा, चिकटू नये म्हणून याने जो हँडब्रेक वापरला नाही, तो न वापरल्यामुळेच चिकटला. गाडी होती जुनी मॉरिस मायनर, वयाने त्याच्यापेक्षा थोडीशीच लहान. तिच्या दोन्ही मागच्या चाकांकडे जाणाऱ्या केबली नळीतल्या नळीत गंजून बसल्या, आणि एकदा सहज दांडा ओढून बघितला तर केबली तुटून तो हातात लुळा आला. एवढ्या जुन्या गाडीला इथे वर्षाची तपासणीही सक्तीची नसते, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. शशिधरनेही मनावर घेतलं नाही. उटी होती ना!

मागच्या उन्हाळ्यात तो हीच गाडी घेऊन कार्डिफला मुलीकडे गेला. इरावतीचं घर चढावर. दारातला उतार असा की चेंडू ठेवला तर थेट खालच्या रस्त्यावर जाईल. शशिधरने नेहमीप्रमाणे गिअर टाकला, वीट लावली आणि आत जाऊन चहाला बसला. जावई राकेश मोठा टापटिपीचा माणूस. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना त्याला दारात एक वीट पडलेली दिसली, ती त्याने उचलून बागेच्या कडेला नीट ठेवली. म्हाताऱ्या इंजिनाने गिअरच्या भरवशावर थोडा वेळ कळ काढली, मग गाडी सावकाश निघाली आणि नातीच्या, म्हणजे दियाच्या, सायकलीवरून जाऊन डब्यांना भिडली. माणूस कोणी मध्ये नव्हता, नशीब! पण आठ वर्षांची नात रस्त्यावर उभी राहून रडत होती, "माझा सायकल तुटला!" आणि इरावती पांढरीफटक पडली होती.

"बाबा, आधी तो हँडब्रेक नीट करा," ती म्हणाली. "मगच आणा ही गाडी."

एवढंच म्हणाली. पण शशिधरने ते वाक्य बेसिंगस्टोकपर्यंत वाटभर चघळलं आणि घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ पार बदलून टाकला. गाडी आणू नका म्हणजे तुम्ही येऊ नका. बरं, नाही येत! आपल्याला काय पडलीय? हिवाळाभर तो गाल फुगवून बसला. रविवारी फोन व्हायचा, पण त्यात 'तब्येत कशी, जेवलात का, इकडे पाऊस' यापलीकडे काही नसायचं. ती हँडब्रेकचं विचारत नव्हती, म्हणजे अजून रागावलेलीच असणार, असं याने ठरवून टाकलं. बायको नीना असती तर तिने एका फोनात सगळं मिटवलं असतं. पण नीना जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती, आणि घरात भांडण मिटवणारं दुसरं कोणी नव्हतं.

शेवटी एप्रिलमध्ये त्याने केबली मागवल्या. मूळच्या आता कोण देणार? दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात बनवलेल्या मिळाल्या. ऊन पडलेला एक दिवस बघून त्याने पुढच्या चाकांना उट्या लावल्या, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवली आणि अंगाखाली जुनी सतरंजी घालून खाली शिरला. जुन्या केबलींच्या खिळी अशा गंजलेल्या की तेल पाजून, ठोकून, शिव्या घालून कशाबशा निघाल्या. नव्या केबली ग्रीस लावून सुरेख आत सरकल्या. शशिधर खूश. आत बसून दांड्याच्या बुडाशी असलेले नट आवळायला घेतले, तर आटे संपले तरी केबल सैलच! बोटाच्या पेराएवढी जास्त लांब बनवली होती मेल्यांनी. दुसरा कोणी असता तर परत पाठवत बसला असता. याने खोक्यातून जाड वायसर शोधून काढले, नटामागे एकावर एक चढवले आणि ती लांबी खाऊन टाकली.

आता राहिलं शेवटचं काम, आणि ते दोघांचं. एकाने आत बसून दांडा कटकट वाजवत एकेक दात वर ओढायचा, दुसऱ्याने मागे बसून चाक हाताने फिरवून बघायचं. चाक कुठल्या दाताला जड होतं आणि कुठल्याला घट्ट बसतं, ते दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. पूर्वी नीना आत बसायची. वाचत असलेलं मासिक मांडीवर तसंच, आणि "ओढू का? अजून ओढू का? अहो, झालं की नाही?" म्हणून सारखी भुणभुण. आता शशिधर स्वतःच आत जात होता, ओढत होता, बाहेर येत होता, गुडघे धरून खाली बसत होता, चाक फिरवत होता आणि परत उठत होता. डावं चाक घट्ट, उजवं मोकळं. मग उजवं घट्ट, डावं मोकळं. कमरेने पार दगा दिला.

त्या धांदलीत चाकाला हात लावून तो बसलेला असताना तोंडातून सवयीने निघून गेलं, "ओढ गं!"

दांडा काही हलला नाही. शशिधरने चटकन मान वर करून बघितलं, शेजाऱ्यांनी ऐकलं तर नाही ना. कोणी ऐकलं नव्हतं. सगळी गल्ली कामावर गेलेली. तेव्हा त्याला वाटलं, कोणी तरी ऐकायला हवं होतं, हसलं असतं तरी चाललं असतं. असं एकटं त्याला नीनाच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घर भरलेलं होतं.

दुपारी केव्हातरी दोन्ही चाकं एकाच दाताला घट्ट बसली. त्याने गाडी खाली घेतली, हात पुसले आणि तडक रेल्वे पुलाजवळच्या उतारावर नेली. न्यूट्रल. उटी नाही, काही नाही. दांडा ओढला आणि ब्रेकवरचा पाय हळूच उचलला. गाडी तसूभर हलली नाही. "शाब्बास गं!" त्याने स्टिअरिंगवर थाप मारली आणि तिथूनच इरावतीला फोन लावला.

"इरा, हँडब्रेक झाला."

"काय झालं? बाबा, आर यू ओके? मी मीटिंगमधून उठून आले."

"अगं, मॉरिसचा हँडब्रेक. दोन्ही केबली नव्या टाकल्या. आता उतारावर उभी आहे, एकदम ठाम."

"ओके... छान की."

"तूच म्हणाली होतीस ना, तो नीट केल्याशिवाय... दियाची सायकल मोडली तेव्हा."

"अय्या, ते! ते मी कधीच विसरले, बाबा. सायकलपण नवीन आली. म्हणून तुम्ही येत नव्हतात? ट्रेनने यायचं की!"

शशिधरला हायसं वाटायला हवं होतं. पण तो आणखीच खट्टू झाला. सबंध हिवाळा तो जिच्याशी मनातल्या मनात भांडत होता, तिला भांडण माहीतच नव्हतं. रागावली असती तर परवडलं असतं. रागावलेलं माणूस निदान आपली आठवण तरी काढतं.

"मग येऊ?" त्याने विचारलं.

"या ना! कधीही या."

'कधीही या' हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मंडळाच्या गणपतीत भेटलेली माणसं एकमेकांना हेच म्हणून आपापल्या गाड्यांत बसतात. अशा वेळी "हो हो, येऊ की" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. आजवर त्याने तेच केलं होतं. या वेळी फोन ठेववेना.

"कधीही म्हणजे कधी? वार सांग."

इरावती जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही असं कधी विचारलंच नाहीत."

"आता विचारतोय. मला तिकडे यायचंय. इथे मला करमत नाही, इरा. अजिबात करमत नाही."

मागून कोणीतरी तिला इंग्रजीत हाक मारली. ती "वन मिनिट" म्हणाली आणि परत फोनवर आली. "या शनिवारी आम्ही इथे नाही. पुढच्या शनिवारी या. आणि लगेच पळायचं नाही हं. राहाल ना थोडे दिवस?"

शशिधरने जोरजोरात मान डोलावली, फोनवर ती तिला दिसत नाही हे विसरून.

"हॅलो? बाबा? आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. "आहे, आहे."