कमरेचे दोन इंच

टेपमावशीला कुणी खरं नाव विचारलं तर क्षणभर तिलाच आठवावं लागे. शाळेच्या मागच्या जिन्याखाली एक बुटकी खोली, खोलीत एक मशीन, एक लांब टेबल, आणि गळ्यात टेप अडकवलेली ही बाई. एकोणीस वर्षं शाळेचे गणवेश तीच शिवत आली होती. बाजारात जाताना, स्वयंपाक करताना, टेप आपला गळ्यातच. शेजारीण म्हणायची, "अहो, झोपताना तरी काढता का?" "काढते की, उशाशी ठेवते," मावशी म्हणायची.

मापं घेताना तिचं तोंड कात्रीसारखं चाले. "श्वास सोड गं, पोट आत ओढून कुठे फोटो काढायचाय?" "तुझे हात वाढले की बाह्या आखडल्या रे?" पोरं खिदळायची आणि ती दर वर्षीची मापं वहीत लिहून ठेवायची. उंची, छाती, कंबर, बाही. कुठलंही पोर दारात उभं राहिलं की ही न मोजता आकडा सांगे, आणि मोजल्यावर पाव इंचाचासुद्धा फरक निघत नसे. याची तिला भारी घमेंड होती, उगाच कशाला खोटं बोला.

तर चौथीची पहिली तुकडी. या तुकडीच्या स्कर्टला आणि चड्डीला कमरेशी गडद निळी पट्टी असे. त्या निळ्या पट्टीसाठी आईबाप जीव टाकायचे, ओळखीपाळखी काढायचे, मुख्याध्यापकांचे उंबरे झिजवायचे. कारण वर्गशिक्षिका. पोरं त्यांना घड्याळबाई म्हणत. त्यांच्या टेबलावर एक चावीचं घड्याळ असे. प्रश्न विचारायचा, चावी द्यायची, गजर व्हायच्या आत उत्तर आलं नाही तर उभं राहायचं. दर सोमवारी गुणांप्रमाणे बाकं बदलायची. शेवटच्या बाकावरच्यांनी पहिला तास उभ्याने काढायचा. बाईंनी कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. निकाल मात्र असा लागायचा की दुसऱ्या तुकड्यांची तोंडं उतरायची.

टेपमावशीची या तुकडीसाठी एक खास युक्ती होती. शिलाईत आत जे जास्तीचं कापड सोडतात, ज्याला शिवणारे माया म्हणतात, ते ती निळ्या पट्टीत दोन इंच जास्त सोडायची आणि आत दुसरा हुक लावून ठेवायची. सहामाहीनंतर या पोरांच्या आया हमखास कंबर सैल करायला यायच्या, मग पुन्हा उसवाउसवी कोण करणार? "अभ्यासू पोरं," ती कौतुकाने म्हणायची, "बसून बसून सुटतात."

मावशीला मूलबाळ नव्हतं. बहीण परगावी नोकरीला, म्हणून बहिणीची लेक तीन वर्षं तिच्याकडेच राहात होती. पोरगी काडीसारखी आणि बोलायला लागली की थांबेल तर शपथ. म्हणून मावशी तिला टकळी म्हणे. टकळी तिसरी पास झाली तेव्हा मावशी पदर सावरून मुख्याध्यापकांकडे गेली. "इतक्या वर्षांत काही मागितलं नाही. भाचीला पहिल्या तुकडीत घ्या."

"मावशी, तुमच्यासाठी एवढं तर करायलाच हवं," ते म्हणाले.

त्या दिवशी मावशीचे पाय जमिनीवर नव्हते. टकळीची कंबर एकवीस इंच भरली. स्कर्ट शिवताना हाताला सवयच ती, दोन इंच माया सुटली, दुसरा हुक लागला.

दोन महिन्यांत टकळीचं बोलणं आटलं. मावशीला वाटलं, चला, शहाणी झाली. मग पोरगी पहाटेच्या गजराच्या आधीच उठून अंथरुणात बसून राहायला लागली. मग साखरेचा डबा भराभर रिकामा व्हायला लागला. गाल वर आले, पोट पुढे आलं, हातपाय मात्र तसेच काडीसारखे. मावशीने डबा वरच्या फळीवर ठेवला आणि रोज शंभर दोरीच्या उड्या लावून दिल्या. वर आणि रागावलीसुद्धा, "खादाड कुठली! आधी वाऱ्यावर उडत होतीस, आता बघ." पोरगी उड्या मारायची. एक शब्द बोलायची नाही.

सहामाहीच्या सुमाराला एक तरुण डॉक्टरबाई शाळेत आली. तिला मुलांची उंची, वजन आणि कंबर मोजायची होती. शिवाय सकाळ-संध्याकाळ मुलांना कापूस चघळायला देऊन त्यांची लाळ नळीत घ्यायची होती. शाळेत दुसरी खोली रिकामी नव्हती, म्हणून तिला जिन्याखाली मावशीकडे बसवलं. दोघींचं आठवड्याभरात मेतकूट जमलं. एकदा डॉक्टरबाई उसासा टाकून म्हणाली, "मावशी, यांची मागच्या वर्षांची मापं असती ना, तर सोनं झालं असतं."

मावशीने फळीवर उरलेल्या, गेल्या अकरा वर्षांच्या अकरा वह्या काढून तिच्यापुढे आपटल्या. "घ्या सोनं."

दोन दिवस डॉक्टरबाई वह्यांत डोकं घालून बसली. तिसऱ्या दिवशी तिने मावशीला जवळ बोलावलं. तिचा चेहरा पाहूनच मावशीने मशीन थांबवलं.

"चौथीच्या दुसऱ्या तुकड्यांत मुलं वर्षाला दोन-सव्वादोन इंच उंच होतात, कंबर थोडीशी वाढते. या निळ्या पट्टीवाल्यांची उंची जेमतेम एक इंच वाढते आणि कंबर तीन. अकराच्या अकरा वर्षं."

"बसून बसून होतं हो."

"बसतात सगळ्याच तुकड्या." डॉक्टरबाईने पेन्सील ठेवली. "धोका दिसला की अंगात एक रस सुटतो, कॉर्टिसॉल म्हणतात त्याला. कुत्रं मागे लागलं की पळायला तोच बळ देतो. कुत्रं गेलं की ओसरतो. एरवीही सकाळी जास्त असतो, संध्याकाळी उतरतो. या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या लाळेत तो संध्याकाळीही उतरलेला नाही. अंगाला वाटतं, संकट चालूच आहे, साठवून ठेवा. मग पोटावर साठतं, भूक सुटते, झोप जाते, वाढ मागे पडते. एवढ्यावरून मी छातीठोक सांगणार नाही, अजून तपासावं लागेल. पण मावशी, माझं मूल मी त्या वर्गात ठेवलं नसतं."

मधल्या सुट्टीची घंटा होताच मावशीने टकळीला बोलावून घेतलं आणि टेप लावला. उंची पाच महिन्यांत पाव इंच. कंबर साडेतेवीस. आणि स्कर्ट दुसऱ्या हुकावर.

"हा कधी बदललास?"

"मागच्याच्या मागच्या महिन्यात."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू रागावली असतीस." टकळी खाली बघत होती. "आणि दुसरा हुक तूच लावून ठेवला होतास ना? मला वाटलं, तुला माहितीच आहे. सगळ्यांनाच आहे तो."

मावशीने तो दुसरा हुक बोटांनी चाचपला. एकोणीस वर्षं ती पोरांची अंगं मोजत होती, आणि ती बिघडायच्या आधीच त्यांच्यासाठी जागा करून ठेवत होती. स्वतःची तिला इतकी किळस कधी वाटली नव्हती.

त्याच दुपारी ती मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली. टकळीला काढायला त्यांनी खळखळ केली नाही. घड्याळाबद्दल आणि बाकांबद्दल मात्र ते म्हणाले, "अहवाल येऊ द्या. वर्षभरात येईल म्हणतात. मग बघू." वह्यांची नक्कल घेऊन डॉक्टरबाई दुसऱ्या शाळेत गेली. टकळी साध्या पट्टीच्या तुकडीत बसायला लागली. मावशीने साखरेचा डबा खाली ठेवला आणि दोरी अडगळीत टाकली. तरी पोरगी अजून गजराच्या आधीच उठत होती.

पहिल्या तुकडीतली जागा एक दिवससुद्धा रिकामी राहिली नाही. दुसऱ्याच सकाळी एक आई आपल्या मुलीला घेऊन हजर. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मुलगी गोल गोल फिरत होती, मशीनचं चाक फिरवून बघत होती, प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. मावशीने आईला सगळं सांगितलं, वह्या उघडून आकडे दाखवले, हात जोडले.

आई हसली. "तुमच्या भाचीला झेपलं नाही, त्याला बाईंचा काय दोष? आणि हो, जरा सैल शिवा हं. त्या तुकडीतली मुलं सुटतात म्हणे."

मावशीने कंबर मोजली. बावीस. बरोबर बावीसचाच स्कर्ट शिवला, जास्तीचा एक दोराही सोडला नाही, हुक एकच. घट्ट झाला की आईला यावंच लागेल, आणि आली की आपण पुन्हा बोलू, हवं तर पाय धरू, असं तिने ठरवलं. सहाव्या आठवड्यापासून ती दाराकडे डोळे लावून बसली.

आठव्या आठवड्यात दारात आली ती मुलगी. एकटीच. हुक तुटला होता आणि तिने पट्टीला सेफ्टीपिन लावली होती. ती गोल फिरली नाही, चाकाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, आईला सांगू नका," ती हळूच म्हणाली. "मला पण दुसरा हुक लावून द्या ना. सगळ्यांना आहे."

मावशीने गळ्यातला टेप काढला. तेवढ्यात वरच्या वर्गात घड्याळाचा गजर झाला. मुलगी दचकली आणि स्कर्ट मुठीत धरून जिना चढत पळाली.